मूळ रंग

सादिकानं निरंजनला तळवड्याच्या शेडवर नेलं, ते अब्बांनी गाडी रंगवायचा हट्ट सोडावा म्हणून. स्वतःच्या तोंडानं तिला ते सांगता येत नव्हतं. चार महिन्यांपूर्वी छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून सांगितलं होतं, की चाळीस वर्षं रंगाचा फवारा नाकातोंडात जाऊन फुफ्फुसं आखडून गेली आहेत. आता थिनर तर सोडाच, उदबत्तीचा धूरसुद्धा नको. अब्बांनी सगळं मान खाली घालून ऐकलं, डॉक्टरांना "बरं साहेब" म्हटलं आणि दवाखान्याचा जिना उतरताना दोनदा थांबून दम खात ते म्हणाले, "एक काम राहिलंय. तेवढं उरकतो, मग रंग फवारायची गन कायमची ठेवून देतो."

ते काम म्हणजे ही गाडी.

अब्बांचं नाव मीरासाहेब. मूळचे मिरजेकडचे. बाविसाव्या वर्षी पिंपरीला आले ते बसच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात रंगारी म्हणून. पुढं तळवडे-चाकण रस्त्याच्या आतल्या अंगाला, लेथ मशीनच्या दोन वर्कशॉपच्या मधे, त्यांनी पत्र्याची शेड भाड्यानं घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. भोसरीपासून देहूपर्यंत कुणाची गाडी ठोकली, घासली की लोक सांगायचे, मीराभाईंकडे ने. रंग जुळवायला त्यांना कधी कॉम्प्युटर लागला नाही. गाडी उन्हात उभी करायची, डोळे बारीक करून तिच्याकडे पाहत राहायचं, मग डब्यात दोन थेंब काळा, अर्धा थेंब पिवळा. मारलेला पट्टा वाळला की शेजारच्या रंगात असा विरून जायचा, की मालकालाच सांगावं लागे, इथं ठोकली होती तुमची.

शेडच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ती गाडी उभी असायची. दोन माणसांची, बसकी, लांब नाकाची, कापडी टपाची. पिंपरीतल्या एका कंपनीत कधीकाळी आलेल्या जर्मन साहेबानं ती सोबत आणली होती आणि परत जाताना पिंपळे गुरवच्या अर्जुनरावांना विकली होती. अर्जुनराव गावातले जुने जमीनदार, हौशी माणूस. फेटा बांधून त्या गाडीतून लग्नांना जायचे. गुडघे गेल्यावर त्यांना त्या खोल सीटमधून बाहेर काढायला दोन माणसं लागायला लागली, तेव्हा एक दिवस त्यांनीच अब्बांना बोलावून चावी हातात ठेवली. "मीराभाई, माझ्या पोरांना हिच्याशी काय बी देणंघेणं न्हाई. तुमी हिला पुसताना बघितलंय मी. घिऊन जावा."

त्याला अकरा वर्षं झाली. गाडीचा रंग डाळिंबी. म्हणजे होता. बॉनेटवर ऊन खाऊन तो धुवून धुवून विटलेल्या लुगड्यासारखा झाला होता, दारांच्या कडांना तांबूस चट्टे होते, मागच्या चाकावर खडीचे टवके. पण डिकीतलं जाजम उचललं की खाली बोटभर पट्ट्यात मूळ डाळिंबी तसाच दिसायचा, नुकत्याच फोडलेल्या फळासारखा. त्या पट्ट्याशी रंग जुळवण्यात अब्बांची अकरा वर्षं गेली. गिऱ्हाइकाचं काम संपलं की पत्र्याच्या एका तुकड्यावर दोन हात मारून बघायचे, वाळला की डिकीत धरायचे, मान हलवायचे, मागं तारीख लिहून खिळ्याला अडकवायचे. सदतिसावा तुकडा जुळला. त्या दिवशी त्यांनी जिलेबी आणली होती. रंगाचा तो डबा झाकण ठोकून, वर मेणकापड बांधून कपाटात ठेवला. आता फक्त निवांत वेळ मिळायचा होता. तो मिळाला तेव्हा छाती गेलेली होती.

सादिका चाकणला मोटारींच्या कारखान्यात कामाला होती, रंगकामाच्या तपासणीवर. रंगून, भट्टीतून भाजून निघालेल्या गाड्या पांढऱ्याशुभ्र दिव्यांच्या बोगद्यातून एकामागून एक तिच्यासमोर सरकत. पातळ हातमोजे घालून ती पत्र्यावरून तळवा फिरवायची आणि धुळीचा कण, ओघळ, खळगा दिसला की पेन्सिलीनं गोल करायची. सात वर्षांत तिची नजर अशी झाली होती, की लग्नाच्या मांडवात गेली तरी आधी दारातल्या गाडीचा डागडुजी केलेला दरवाजा दिसायचा. अब्बा गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचे, "माझी मुलगी मोटारी नापास करते."

गन मात्र त्यांनी तिच्या हातात कधी दिली नाही. बारावीच्या सुट्टीत तिनं मागितली होती. "हा वास मी खातोय तेवढा पुरे," एवढंच म्हणाले.

डॉक्टरांकडून आल्यावर ती त्यांना सांगू शकली असती, की अब्बा, तुम्ही मराल. पण आयुष्यभर ज्याच्या खोकल्यानं घरातले दिवस उजाडले, त्या माणसासमोर हा शब्द तिच्या तोंडून फुटेना. मग तिला निरंजन आठवला. निरंजन तिच्याच कंपनीत इंजिनिअर होता. जुन्या गाड्यांचा वेडा. दर रविवारी तसल्याच वेड्यांबरोबर कुठल्या कुठल्या गाड्या बघायला जायचा. असा माणूस म्हणाला, की रंगवू नका, तर अब्बा ऐकतील आणि त्यांच्या दुखण्याचं नावही काढावं लागणार नाही, असा तिनं हिशेब केला.

निरंजन आला तो खिशात रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र घेऊनच. ताडपत्री काढल्यावर तो आधी नुसता उभा राहिला. मग बॉनेटवर, दारांवर, डिकीवर, चाकांच्या कमानींवर, जागोजाग ते यंत्र टेकवत फिरला. दरवेळी ते टुक करून वाजायचं आणि तो आकडा मोठ्यानं वाचायचा. शेवटी उठला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता.

"काका, हा सगळा मूळ रंग आहे! चव्वेचाळीस वर्षांचा. एका जागीसुद्धा कुणी हात मारलेला नाही. तुम्हाला कल्पना आहे का, अशी गाडी उभ्या महाराष्ट्रात मिळायची नाही."

"फिका पडलाय," अब्बा म्हणाले.

"पडू दे की. चट्टे असू देत, टवके असू देत. नवा रंग काय, कुणीही मारेल. मूळ रंग एकदाच असतो. तो घासला की ही गाडी चारचौघींसारखी झाली."

अब्बांनी दाराच्या कडेच्या चट्ट्यावरून बोट फिरवलं. मग शांतपणे म्हणाले, "म्हणजे कुणा रंगाऱ्याचा हात लागला नाही, म्हणून ती चांगली."

"अगदी बरोबर बोललात, काका!" निरंजन आनंदानं म्हणाला.

सादिकानं अब्बांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथं राग नव्हता. गिऱ्हाइकानं काम बघून पसंत नाही म्हटल्यावर जसा दिसायचा तसा चेहरा होता, जरा ओशाळा. तेव्हाच तिनं काहीतरी बोलायला हवं होतं. पण आपलं काम साधलं या समाधानात ती यंत्रावरचा आकडा बघत राहिली. अब्बांनी निरंजनला चहा पाजला, त्याला रस्त्यापर्यंत पोचवलं, आणि ताडपत्री नीट चारी बाजूंनी खोचून ठेवली.

पंधरा दिवस अब्बा घरी गप्प होते. रूपीनगरच्या दोन खोल्यांत खिडकीशी बसून असायचे. अम्मी, म्हणजे ताजुन्निसा, सादिकाला म्हणाली, "बरं केलंस तू. डोक्यातून खूळ गेलं." सादिकालाही तसंच वाटलं. पहिल्या शिफ्टचा आठवडा होता. अब्बा सकाळी जरा बाहेर जाऊन येतात, एवढंच अम्मीनं सांगितलं होतं. चालणं चांगलंच, असं दोघींना वाटलं.

त्या गुरुवारी कंपनीच्या बसनं तिला चारच्या सुमारास तळवड्याच्या चौकात सोडलं. अम्मीनं शेडमधून जुनं स्टूल आणायला सांगितलं होतं. लेथ मशीन बंद होतं, म्हणून लांबूनच तिला आवाज ऐकू आला. ओल्या पॉलिश पेपरनं पत्रा घासल्याचा आवाज. लहानपणापासून ओळखीचा.

दारातून लाल पाणी वाहत गटाराकडे चाललं होतं. अब्बा तोंडाला रुमाल बांधून, बादलीशेजारी उकिडवे बसून डावी कमान घासत होते. बॉनेटवर डाळिंबीचा ठिपकाही उरला नव्हता. कुठं राखाडी अस्तर, कुठं नुसता पत्रा. दोन्ही दारं निम्मी झाली होती.

"अब्बा! हे काय केलंत?"

"दिसतंय की."

"तो काय म्हणाला होता ते—"

"ऐकलं मी त्याचं." अब्बांनी हात थांबवला नाही. दर चार शब्दांनी त्यांना श्वास घ्यावा लागत होता. "चाळीस वर्षं मी लोकांच्या गाड्या अशा रंगवल्या, की मी रंगवल्या ते कळू नये. माझं काम चांगलं झालं की ते दिसायचंच नाही. या शहरात हजारभर गाड्यांवर माझा हात आहे आणि एकही दाखवता येत नाही मला. एक गाडी अशी हवी होती, की बघणारा म्हणेल, ही मीरासाहेबानं रंगवली. आणि तुझा साहेब म्हणतो, माझा हात लागला की ती वाया गेली."

"तो तसं नाही म्हणाला."

"तसंच म्हणाला. खरं बोलला बिचारा. त्याचा राग नाही."

मग सादिकाला राहवलं नाही. "मीच आणलं होतं त्याला मुद्दाम. तुम्ही गन धरू नये म्हणून. डॉक्टर काय म्हणाले ते—"

आता मात्र अब्बांचा हात थांबला. त्यांनी रुमाल हनुवटीखाली ओढला आणि तिच्याकडे पाहिलं.

"मग तसं सांगायचं होतंस. अब्बा, तुम्ही मराल, मला तुम्ही हवे आहात, असं म्हणायचं. ते ऐकलं असतं मी. गाडीचं नाव कशाला पुढं केलंस?"

आता ते म्हणून उपयोग नव्हता. तिनं गाडीकडे पाहिलं. कंपनीत एखादी गाडी दुरुस्तीपलीकडे गेली की तिच्यावर लाल चिठ्ठी चिकटवून बाजूला ढकलतात; इथं ढकलायला जागा नव्हती. घासलेला रंग गटारात गेला होता. अर्धी घासलेली गाडी ना निरंजनच्या कामाची, ना अब्बांच्या. मग तिनं ओढणी कमरेला खोचली, दुसरा पेपर घेतला, पाण्यात बुडवला आणि उजव्या दारापाशी बसली.

अम्मीला कळलं तेव्हा तिनं भांडं आपटलं. "तूसुद्धा? आता मी कोणाच्या तोंडाकडे बघू?" दोन दिवस ती दोघांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी अब्बांच्या डब्यात खजूर ठेवून दिले आणि सादिकाला बजावलं, "घासायचं तू घास. त्यांना नुसतं बसव."

पुढचे तीन आठवडे शिफ्टच्या आधी नाहीतर शिफ्ट सुटल्यावर सादिका शेडवर जायची. घासणं, पुट्टी भरणं, पुन्हा घासणं, अस्तर. अब्बा स्टुलावर बसून सांगायचे. बोट फिरवून नेमका उंचवटा दाखवायचे. ते दिवस तसे वाईट नव्हते. एकदा तर ते लहानपणच्या मिरजेच्या उरुसाबद्दल इतकं बोलले, की दम लागून शेवटी हातानंच गोष्ट पुरी केली. तिनं त्यांच्यासाठी कंपनीतल्या पेंटरांसारखा जाड मास्क विकत आणला. त्यांनी घालून पाहिला आणि लगेच काढला. त्यातून हवा ओढण्याइतकं बळ छातीत नव्हतं.

रंग मारायचा तो रविवार. डिसेंबरचं कोवळं ऊन, वारा पडलेला. धूळ बसावी म्हणून सादिकानं शेडची जमीन भिजवली, काचा-चाकांना कागद चिकटवले. अब्बांनी अंघोळ करून धुतलेला शर्ट घातला होता. कपाटातून डबा काढला, मेणकापड सोडलं, झाकण उचकटलं. काठीनं ढवळताना ते रंगाकडे बघत राहिले आणि स्वतःशीच म्हणाले, "हाच."

बॉनेटचे पहिले हात सुरेख पडले. गन पत्र्यापासून वीतभर अंतरावर, मनगट ताठ, खांद्यापासून हलणारा हात. एक फेरी संपते तिथं अर्ध्यावर दुसरी. डाळिंबी बॉनेटभर असा पसरला, की पत्रा ओला झाल्यासारखा चमकला. सादिकाला वाटलं, निरंजन चुकला. मी चुकले. डॉक्टरसुद्धा चुकले असतील.

डाव्या दारावर खोकला आला. पहिल्यांदा त्यांनी तो घशात दाबला. हात चालू होता. दुसऱ्यांदा आला तो पोटातून. ते वाकले, आणि बोट गनच्या खटक्यावरच राहिलं. एका जागी रंगाचा थर साठला आणि त्याची जाड धार दारावरून खाली निघाली. सादिकानं धावत जाऊन खटक्यावरचं त्यांचं बोट सोडवलं, त्यांना स्टुलावर बसवलं. दहा मिनिटं त्यांना श्वास सापडेना. तोवर दाराचा निम्मा रंग सुकत आला.

उठून पुन्हा उभे राहिले तेव्हा गन हातात स्थिर राहीना. तिनं कोपराला आधार दिला.

"हात सोड माझा."

"मग मला द्या. मी मारते."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग गन पुढं केली. सादिकाच्या हातात ती पहिल्यांदाच आली. वाटली होती त्यापेक्षा जड. हजारो गाड्यांवरच्या चुका तिनं गोल करून दाखवल्या होत्या. बरोबर कसं असतं ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं! तिनं मागच्या कमानीवर दोन फेऱ्या मारल्या. पहिली कोरडी, खरखरीत बसली. दुसरी इतक्या जवळून, की लगेच ओघळ आले.

अब्बांनी गन परत घेतली.

"मला दोष दिसतात, अब्बा. मारता येत नाही."

"ती चूक माझी," ते म्हणाले.

उरलेली गाडी त्यांनी तुकड्यातुकड्यानं पुरी केली. दोन फेऱ्या, मग स्टूल. पुन्हा दोन फेऱ्या, मग स्टूल. दुपार टळली तेव्हा डबा संपला होता.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर ती शेडवर आली. अब्बा तिच्या आधी येऊन बसले होते. कागद काढलेले, गाडी दाराशी ढकललेली, उतरतं ऊन तिच्यावर तिरपं पडलेलं.

"बघ," ते म्हणाले. "कंपनीत बघतेस तशी बघ. घाई करू नको."

सादिकानं बघितली. बॉनेटचा उजवा भाग आरशासारखा होता, तेवढाच. बाकी अंगभर संत्र्याच्या सालीसारखा जाडसर खडबडीतपणा. दोन दमांच्या मधे जिथं रंग सुकला होता तिथं निस्तेज पट्टे. डाव्या दारावर ती धार, खाली थेंब होऊन गोठलेली. कमानीवर तिचे स्वतःचे ओघळ. धुळीचे कण तर मोजायला लागली आणि एकतिसाव्यावर सोडून दिले. रंगाची छटा मात्र अगदी बरोबर होती. त्यामुळेच सगळं जास्त दिसत होतं.

"पास की नापास?"

"पास," ती म्हणाली. एवढंच म्हणून भागणार नाही हे कळून तिनं पुढं जोडलं, "दारावर एक ओघळ आहे. बाकी पास."

"एकच?"

"एकच."

अब्बा उठले. डोळ्यांनी अलीकडे त्यांना फारसं दिसत नव्हतं. त्यांनी ते मिटूनच घेतले आणि तळवा गाडीवर ठेवून चालायला लागले. बॉनेट, डावी कमान, दार. दारावर तळवा थांबला, पुढं सरकला. मागून वळसा घालून पुन्हा समोर आले. सगळी फेरी व्हायला बराच वेळ लागला.

"माझी मुलगी," ते म्हणाले, "अशी गाडी कधी पास करत नाही."

त्यांनी कॉम्प्रेसरची पिन काढली, वायर गुंडाळून ठेवली आणि घराकडे चालायला लागले. तिनं मागून शेड बंद केली.

त्या आठवड्यातच त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. नऊ दिवसांनी घरी सोडलं ते ऑक्सिजनच्या मशीनसह. पलंगाशेजारी ते सतत घुरघुरत असायचं, आणि नाकातली नळी न्हाणीघरापर्यंत पुरत नव्हती म्हणून अम्मीनं पलंग दाराजवळ ओढला. गाडीचा विषय अब्बांनी काढला नाही. एकदा सादिकाच म्हणाली, "चांगल्या पेंटरकडून पुन्हा घासून घेऊ या का? छटा तुमचीच ठेवायला सांगू."

"मग ती त्याची होईल," अब्बा म्हणाले. "माझी एकच होती. झाली ती."

निरंजन एकदा मुद्दाम शेडवर आला. गाडीभोवती फिरला, कुठं हात लावला नाही, खिशातलं यंत्र बाहेर काढलं नाही. "छान आहे," म्हणाला. कारण विचारलं नाही, हा त्याचा चांगुलपणा. पण त्यानंतर कँटीनमध्ये समोर आला की तो कामाचंच काहीतरी बोलायचा.

अर्जुनराव काठी टेकत आले. आधी शेडवर जाऊन गाडी बघून आले होते. पलंगाशी खुर्चीत बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "मीराभाई, झकास! पयल्या दिवशी बी अशी नव्हती ती. मन लावून काम केलंय तुमी."

खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. अब्बांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. क्षणभर सादिकाला वाटलं, चेहऱ्यावर काहीतरी उजळतंय.

"अर्जुनराव, तुमचा मोतीबिंदू काढला का?"

"न्हाई अजून. पुढल्या म्हयन्यात बोलावलंय."

अब्बा हसले. हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेना. अम्मीनं पाठ चोळली. थांबल्यावर ते कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडले. अर्जुनराव आणखी थोडा वेळ बसले आणि चहा न घेताच गेले.

मार्चमध्ये शेडच्या मालकानं जागा खाली करायला सांगितली. तिथं गोदाम उठणार होतं. कॉम्प्रेसर भंगारात गेला. पत्र्याचे ते सदतीस तुकडे अम्मीनं कुठं टाकले, सादिकानं विचारलं नाही. गाडी घरासमोर उभी करायला जागा नव्हती. शेवटी गणराज नावाचा माणूस ती घेऊन गेला. चाकणच्या अलीकडे त्याचं एक लॉन होतं. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी तिथं यायची. झोपाळा, खोटी विहीर, फुलांची कमान होती, एक गाडी हवी होती. क्रेनवर चढवताना तो म्हणाला, "ताई, रंग बदलून घेणार बरं का मी. पांढरी करणार. फोटोत उठून दिसते."

सादिका दुसऱ्या शिफ्टच्या दिवसांत दुपारपर्यंत घरी असायची. एके दिवशी बाराच्या सुमारास अब्बांना पेज भरवताना तिनं सांगून टाकलं. लपवून ठेवायची हिंमत आता नव्हती.

"कोणता रंग?" अब्बांनी विचारलं.

"पांढरा."

मशीन घुरघुरत होतं.

"घासून मारणार, की वरच?"

"विचारलं नाही मी."

"वरच मारेल. तसा मारला तर पावसाळ्यात पापुद्रे सुटतील." गिऱ्हाइकाला समजावतात तसा आवाज होता. "त्याला सांग. आधी सगळा घासून काढ म्हणावं. माझा राखू नको."

सादिका गॅलरीत गेली. गणराजनं दुसऱ्या खेपेला फोन उचलला. मागं कुठलं तरी लग्नाचं गाणं लागलं होतं.

"अहो ताई, कालच मारून झाला! वरूनच दोन कोट दिले. मस्त दिसतेय. फोटो पाठवू का?"

"नको," ती म्हणाली.

आत येऊन ती पुन्हा पलंगाच्या कडेला बसली. वाटी हातात घेतली.

"सांगितलं, अब्बा. घासूनच मारतो म्हणाला."

अब्बांनी डोळे मिटून घेतले; तिनं चमचा पुढं केला तरी तोंड उघडलं नाही. मग पेज झाकून ठेवली, अम्मीला हाक मारली आणि दोनची बस गाठायला निघाली.